थेंबवाट्या राकस: बारा चित्रांच्या कामाच्या नोंदी

३ जून २०२४, खानापूर

मी बेळगावजवळच्या खानापुरात डीटीपी-झेरॉक्सच्या दुकानात कामाला आहे. दिवसभर लग्नपत्रिका, प्रतिज्ञापत्रं आणि सातबाऱ्याच्या झेरॉक्स. रात्री साडेनऊनंतर राकस काढतो. शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर काढायचो तेच, फक्त आता शिक्षक कान पिळत नाहीत.

ठरवलंय ते असं: बारा चित्रं, प्रत्येकाबरोबर दीडदोनशे शब्दांचा मजकूर, दर रविवारी एक, मोबाईलवरून लोकांपुढे. ऑगस्ट संपायच्या आत मोकळा. (हे वाक्य नंतर खोडणार नाही. किती चुकलो ते दिसू दे.)

गोष्ट आमच्या तालुक्यातच पडून होती. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभा निघते, पूर्वेकडे जाऊन कृष्णेला मिळते, म्हणजे शेवटी बंगालच्या उपसागरात. ह्याच तालुक्यात देगावच्या रानात म्हादई निघते, ती गोव्यातून अरबी समुद्राला. ढग एकच, पण धारेवर पडलेलं पाणी काही इकडं जातं, काही तिकडं. हे वाटप कोण करतं? एक राकस करतो. डोंगराच्या धारेवर बसून हातातल्या वाटीत थेंब झेलतो आणि प्रत्येकाला सांगतो, तू इकडं, तू तिकडं. नाव थेंबवाट्या. हुद्दा कारकुनाचा, पगार नाही.

'राकस' हा शब्द आज्जीचा. राकस कोपला म्हणून राकसकोप, ही व्युत्पत्तीही तिचीच. बेळगाव शहर ज्या तलावाचं पाणी पितं त्याला असं नाव असल्यावर आणखी कल्पना ती काय लढवायची?

खर्च: २०० जीएसएम कार्ट्रिज कागदाचं ए-फोर पॅड २१० रुपये, निबचा टाक दोन निबांसह १२०, वॉटरप्रूफ काळी शाई ९५. एकूण ४२५.

९ जून

चित्र १ टाकलं. राकस, वाटी, खाली दोन नद्या. काढायला चार रात्री, फोटो काढायला दीड तास, आणि तरी फोटो बेकार.

चुका अशा. स्वयंपाकघरातल्या पिवळ्या बल्बखाली फोटो काढला, कागद हळदीच्या पाण्यात बुडवल्यासारखा आला. मोबाईल धरलेल्या हाताची सावली नेमकी राकसाच्या तोंडावर. फोन जरा तिरका होता म्हणून चौकोनी कागद वर निमुळता झाला. सकाळी अंगणात, ऊन यायच्या आधी, खुर्चीवर चढून सरळ वरून काढला तेव्हा बरा आला. आई म्हणाली, "खुर्चीवर चढून काय करायलायस गा? माळ्यावरचं काही काढायचंय का?"

मजकूर मोबाईलवरच टाईप केला. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

रात्रीपर्यंत ४७ बदाम आणि १९ अभिप्राय. मस्त, छान, लई भारी, एक "भाळ छलो ऐती". झोप लागली नाही. चाळिशीच्या उंबऱ्यावरच्या माणसाला हे सांगायला लाज वाटते, पण दर पाच मिनिटांनी फोन बघत होतो.

१६ जून

दुकानात स्कॅनर आहे हे आठवायला आठवडा लागला. रोज लोकांची आधार कार्डं त्यावर टाकतो आणि स्वतःच्या चित्रासाठी खुर्चीवर चढतो!

स्कॅनरची बैठक बसली ती अशी: ३०० डीपीआय (इंचाला तीनशे ठिपके), ग्रेस्केल म्हणजे रंग नाही, नुसत्या करड्या छटा. ए-फोर कागद २४८० बाय ३५०८ पिक्सेलचा येतो. ६०० वर करून पाहिलं, वेळ कितीतरी जास्त आणि लोकांच्या फोनवर फरक शून्य. मग संगणकावर लेव्हल्समध्ये (उजेड-काळोख कमीजास्त करायची पट्टी) कागदाचा करडा रंग पांढरा होईपर्यंत उजवा काटा आत ओढायचा, पण निबच्या बारीक रेघा तुटायच्या आत थांबायचं. मूळ फाईल वेगळी जपायची, लोकांसाठी १०८० पिक्सेल रुंदीची वेगळी काढायची.

आज दुसरी अडचण मजकुराची आली. चित्र २ ची गोष्ट दुकानात, रोजच्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केली होती. ती फोनवर चिकटवली तर इंग्रजी अक्षरं आणि कंसांचा खिचडा. कारण सोपं आहे: जुन्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, वर मराठीचा मुखवटा चढवलेला असतो. फॉन्ट नसला की मुखवटा गळतो. पुन्हा टाईप करायचा कंटाळा आला. मग सगळ्या मजकुराचं पानच चित्र म्हणून काढलं आणि चित्राशेजारी टाकलं. दहा मिनिटांत काम. स्वतःवर खूश.

३, ४ आणि ५ लाही असंच केलं. ह्या दहा मिनिटांची किंमत ऑगस्टमध्ये कळली.

३० जून

चित्र ३ गेल्या रविवारी गेलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. चित्र ४ मध्ये मात्र शहाणपण केलं.

खानापूर म्हणजे कौलं आणि विटा, इथली तांबडी माती प्रसिद्ध. मनात आलं की शाईबरोबर तीच माती पाण्यात कालवून रंग द्यावा. मातीचा राकस मातीत. घाटावरून मूठभर आणली, जुन्या ओढणीतून गाळली, कुंचल्यानं लावली. दिसायला फार सुंदर. विटेचा रंग, कडेला गडद, मध्ये फिका.

वाळल्यावर ती भुकटी होऊन सुटते. तिला धरून ठेवायला डिंक लागतो, नुसतं पाणी उडून जातं आणि माती कागदावर मोकळी बसते. मी ते स्कॅनरवर पालथं घातलं, वर झाकण दाबलं आणि कागद सरळ करायला जरा सरकवला. वाळूचे दोन कण पुरले. काचेवर बोटभर चरा.

सोमवारी पहिल्याच गिऱ्हाईकाच्या मार्कशीटवर उभी रेघ. मालक काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. काच बदलायला ९०० रुपये, माझ्या पगारातून. पुढच्या रविवारी चित्र नाही, स्कॅनरला हात लावायचं तोंड नव्हतं.

करायचंच असेल तर: माती कापडातून दोनदा गाळा, भांड्यात ठेवून वाळू तळाला बसू द्या, वरचं गढूळ पाणी तेवढं घ्या, त्यात बाभळीचा डिंक भिजवून घाला. आणि असला कागद स्कॅनरवर ठेवू नका, अंगणातली खुर्ची बरी.

१४ जुलै

पाऊस असा लागलाय की समोरच्या घराची कौलं दिसत नाहीत. कागद सर्दावले. निब टेकवली की शाई मुळ्यांसारखी फुटते. सुरुवातीला शाईवर संशय, मग निबवर, मग स्वतःच्या हातावर. दोन चांगले कागद आणि तीन रात्री वाया. शेवटी एक कागद गरम तव्याच्या वर चार बोटं अंतरावर धरून पाहिला, थंड झाल्यावर रेघ काढली, एकदम स्वच्छ. दोष हवेचाच.

आता पॅड पत्र्याच्या पेटीत. सोबत तांदूळ कोरडे भाजून, गार करून, फडक्यात बांधलेली पुरचुंडी. दर चार दिवसांनी पुन्हा भाजायची. बायको विचारते, हे तांदूळ नंतर शिजवायचे का. मी म्हटलं, राकसाचा नैवेद्य आहे.

चित्र ५ गेलं. ५२ बदाम.

२१ जुलै

चित्र ६ म्हणजे थेंबवाट्याच्या राज्याचा नकाशा. आतापर्यंतचं सगळ्यात कष्टाचं, नऊ रात्री. डोंगराच्या रेघा, झाडांचे गुच्छ, नदीत मगरी. एका कोपऱ्यात शहर आणि त्यावर नाव लिहिलं: बेळगाव.

सकाळी आठला टाकलं. दुपारी बारापर्यंत २६ जण भांडत होते. एकाला नाव 'बेळगावी' हवं होतं, दुसऱ्यानं त्याला नकाशाच्या बाहेर काढलं, तिसऱ्यानं म्हादईच्या पाण्याचा विषय आणला, थेंबवाट्या नक्की कोणाच्या बाजूचा हे चौथ्यानं विचारलं. मगरीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मगरी मला फार छान जमल्या होत्या.

दुपारी काढून टाकलं. आमच्याकडं नाव लिहिताना माणसाला सवयीनं सावध राहावं लागतं, ते मी राकसाच्या नादात विसरलो. रात्री उपाय सुचला. जुन्या शिलालेखांत ह्या शहराचं नाव वेणुग्राम आहे, वेळूचं गाव. किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, १२०४ ची, रट्ट राजांच्या काळातली. माझा राकस त्याहून जुना, तेव्हा तो आजची पाटी कशाला वाचेल? 'बेळगाव' ब्लेडनं खरवडलं, त्यावर वेणुग्राम लिहिलं, शेजारी बांबूचं बेट काढलं. खरवडलेल्या जागी शाई पसरते, तिथं आधी नखानं किंवा चमच्याच्या पाठीनं कागद घोटून घ्यावा. मजकूरही ह्या वेळी फोनवरच नव्यानं टाईप केला, कारण दुकानातली फाईल उघडायला जायचं त्राण नव्हतं.

पुन्हा टाकलं. दोन्हीकडचे गप्प. एकानं बांबू छान म्हटलं.

११ ऑगस्ट

तीन रविवार काही नाही. कारण लिहून ठेवतो, कारण असल्या नोंदींत लोक नेमका हाच भाग गाळतात.

वहीत मी अभिप्रायांचा हिशेब ठेवला होता, दुकानातली सवय. सहा चित्रं, कौतुकाचे शब्द १३८. वाचून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण ते १३८ अभिप्राय एकाखाली एक वाचले आणि लक्षात आलं की ह्यातला कुठलाही अभिप्राय कुठल्याही चित्राखाली चालला असता. 'मस्त' हे राकसाला लागू, तसं शेजारच्या लग्नाच्या आहेरालाही. माझे चित्र ४ मधले दोन्ही पाय डावे होते. १३८ मधल्या एकालाही दिसलं नाही, की दिसलं आणि कोणी बोललं नाही? सातवं चित्र काढायला बसलो की पुढं काय काढायचं तेच कळेना. राकस बसलाय, वाटतोय. बरं मग?

आई म्हणाली, "श्रावण लागलाय, आता तरी राकस नको." मी म्हटलं बरं. निमित्त मिळालं.

१२ ऑगस्ट

दुकानात असताना एक आवाजी निरोप आला. वयस्कर माणूस, बेळगावातल्या शहापूरचे. आयुष्यभर पेटी शिकवली, आता निवृत्त. मी त्यांना मास्तर म्हणतो, नाव इथं लिहीत नाही. निरोप असा:

"नमस्कार. मला दिसत नाही. भाच्यानं तुमची गोष्ट फोनवर लावून दिली. फोन वाचून दाखवतो मला, बरं वाचतो. पहिली गोष्ट ऐकली, सहावी ऐकली. मधल्या चार ठिकाणी तो नुसता 'इमेज' म्हणतो आणि पुढं जातो. पहिल्या-सहाव्यातही मधेच 'इमेज' म्हणतो. तिथं काय असतं?"

लग्नपत्रिका समोर अर्धी पडली होती. निरोप तीनदा ऐकला.

१३ ते १५ ऑगस्ट

जूनमधली दहा मिनिटं व्याजासकट फेडली. २ ते ५ चा मजकूर चित्र होता, म्हणजे मास्तरांच्या फोनसाठी तिथं काही नव्हतंच. जुन्या फॉन्टमधल्या चारही फाईली युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनला वाचता येणाऱ्या मराठी अक्षरांत, बदलल्या. बदलणारं साधन फुकट आहे, पण त्यावर डोळे मिटून विश्वास टाकू नका. 'दऱ्या' चं 'द-या' होतं, पहिली वेलांटी जोडाक्षराच्या पोटात घुसते, रफार शेजारच्या अक्षरावर उडी मारतो. डोळ्यांनी वाचताना आपण हे पोटात घालतो. फोन घालत नाही, तो 'द-या' ला 'द, या' म्हणतो. म्हणून शेवटची तपासणी मी कानांनी केली: माझ्याच फोनमधला वाचणारा आवाज चालू केला, डोळे मिटले, चारही गोष्टी ऐकल्या. १७ चुका सापडल्या, त्यातल्या ५ माझ्याच शुद्धलेखनाच्या. दोन संध्याकाळी गेल्या. पहिल्याच दिवशी नीट टाईप केलं असतं तर मिळून तास पुरला असता.

मग चित्रांची वर्णनं. चित्र टाकताना पर्यायी मजकूर लिहायची एक जागा असते, ती मी आजवर उघडलीच नव्हती. पहिल्या चित्राचं लिहिलं: "एक राक्षस डोंगरावर बसला आहे. हातात वाटी आहे. खाली दोन नद्या आहेत."

पंधरा ऑगस्टला सकाळी, झेंडावंदनाची गाणी मागं वाजत असताना, मास्तरांचा निरोप:

"बसलाय म्हणजे कसा? मांडी घालून, का उकिडवा, का पाय खाली सोडून? आणि वाटी कशाची? वाजवली तर कशी वाजेल?"

मूळ चित्र काढून बघितलं. राकस कसा बसला होता ते मलाच सांगता येईना. कमरेखाली मी धुकं काढलं होतं. धुकं वातावरणासाठी नव्हतं, पाय काढायचे टळावेत म्हणून होतं. चित्र २ मध्येही धुकं. ३ मध्ये झुडूप. ४ मध्ये झुडूप नव्हतं म्हणून दोन डावे पाय.

वाटीला तर मी कधी विचारलंच नव्हतं तू कशाची म्हणून.

१८ ऑगस्ट

चित्र १ पुन्हा काढलं. आरशासमोर पाटावर उकिडवा बसून पाय बघितले, बायकोकडून फोटो काढून घेतला (हा कुठंही टाकणार नाही). राकस आता उकिडवा बसतो, शेतात न्याहारी करणारा माणूस बसतो तसा, टाचा टेकवून. वाटी मातीची, खानापुरी, कडेला टवका उडालेली. वाजवली तर भदभद वाजेल, टणटण नाही.

हे वर्णनात लिहिलं आणि उत्साहात दोनशे शब्द झाले. मास्तर म्हणाले, "इतकं नको. आधी एका वाक्यात काय आहे ते सांगा, म्हणजे घर कळलं. मग खोल्या दाखवा, डावीकडून उजवीकडं. आणि गोष्टीत जे आलंय ते पुन्हा नको." आता साठसत्तर शब्दांत बसवतो. लिहून झालं की चित्र पालथं घालायचं आणि नुसतं वर्णन वाचून राकस दिसतो का बघायचं. जिथं अडतं तिथं बहुतेक वेळा चित्रच कच्चं असतं.

वहीत 'कौतुक' शेजारी 'प्रश्न' असा नवा रकाना आखला. तीन प्रश्नांत मास्तरांनी आठवड्याचं काम लावलं होतं.

२५ ऑगस्ट आणि १ सप्टेंबर

चित्र ७: राकसाचा निरोप्या, एक वटवाघूळ. हेही इथलंच. तालुक्यातल्या बारापेडे गुहांत राऊटनचं वटवाघूळ राहतं. शास्त्राला त्याची ओळख १९१३ मध्ये झाली आणि पुढं कित्येक वर्षं जगात ते एवढ्याच ठिकाणचं म्हणून माहीत होतं. आता तो भाग भीमगड अभयारण्यात येतो, २०११ पासून. गुहेत शिरायचा प्रश्नच नाही, शिरूही नये. मी फोटो बघून काढलं.

आता मला प्रश्न हवे होते, म्हणून खाली लिहिलं: "ह्यात चूक सापडली तर सांगा." ओशाळं वाटलं, पण लिहिलं. तासाभरात जांबोटीकडच्या एका तरुणाचा निरोप, जंगलात फिरणारा माणूस: "शेपूट कुठं हाय? ह्या जातीचं शेपूट पडद्याच्या भायेर येतं. आनि पंखात तीनच काड्या काढल्यात तुम्ही. तो हात हाय, हात. अंगठा सोडून चार बोटं मोजा."

मोजली. तीनच. लहानपणापासून मी वटवाघळाचा पंख छत्रीसारखा काढत आलोय, काड्या हव्या तितक्या. पण ती बोटंच आहेत: चार लांब बोटांमध्ये ताणलेली कातडी आणि वर आकड्यासारखा अंगठा. कान कपाळावर एकमेकांना जोडलेले असतात, हे मी बरोबर काढलं होतं, त्याबद्दल त्यानं एक 'बरं' दिलं. इतकं मोलाचं 'बरं' मला कोणी दिलं नव्हतं.

१ सप्टेंबरला सुधारून टाकलं. पंख हात आहे म्हटल्यावर निरोप्या थेंब बोटांवर मोजू लागला, आणि चित्र ८ ची गोष्ट तिथंच मिळाली.

१० सप्टेंबर

गणपतीचे दिवस. दुकानातला पोऱ्या पळत आला, "अण्णा, तुमचा राकस फ्लेक्सवर लागलाय!"

जवळच्याच गावातलं मंडळ. देखाव्याच्या बाजूला आठ फूट रुंद फ्लेक्स, त्यावर माझा थेंबवाट्या, खाली 'पाणी वाचवा'. माझं नाव नाही. आणि चित्र कसं, तर चौकोनी ठिपक्यांची रांगोळी. १०८० पिक्सेल आठ फुटांवर ताणले की इंचाला अकरा पिक्सेल येतात, दुसरं काय होणार?

तिथं उभं राहून मला काय वाटलं ते नीट सांगतो: आधी राग. मग, दोन म्हाताऱ्या बायका राकसाकडं बघून आपसात बोलत होत्या ते ऐकून, दुसरंच काहीतरी. मग पुन्हा राग, पण आता छपाईच्या दर्जाचा.

कार्यकर्ते पंचविशीच्या आतले. त्यांना सांगितलं, चित्र ज्यानं काढलं त्याचा हक्क काढल्याक्षणीच होतो, नोंदणी लागत नाही, आणि आपल्या कायद्यानं तो हक्क चित्रकार मेल्यावरही साठ वर्षं चालतो. "म्हणजे तुमच्या नातवाला विचारावं लागंल?" एकानं विचारलं. पोरगं हुशार आहे. दुसऱ्या दिवशी त्यांना मूळ २४८० पिक्सेलची फाईल दिली, त्यांनी स्वतःच्या खर्चानं फ्लेक्स बदलला, कोपऱ्यात माझं नाव टाकलं, आणि आरतीला बोलावून नारळ दिला.

आपल्यापुरता बदल: आता सही चित्राच्या कोपऱ्यात न घालता रेघांत घालतो, राकसाच्या कमरपट्ट्यात. कोपरा कापता येतो, कंबर कापता येत नाही.

२२ सप्टेंबर

चित्र ८. दुसरं पॅड आणलं, २१० रुपये.

६ ऑक्टोबर

कन्नड वाचणारे मजकूर मागत होते. दुकानात कन्नड अक्षरजुळणी करणारा सहकारी बैलहोंगलचा आहे. त्याला चहाच्या बोलीवर भाषांतराला बसवलं. 'थेंबवाट्या' ला त्यानं 'हनी हंचुवव' केलं, थेंब वाटणारा. आणि मग स्वतःच हसायला लागला. हंचु म्हणजे वाटणं, आणि हंचु म्हणजे कौलही.

कौलांच्या गावात बसून मला हे चार महिने सुचलं नव्हतं. छपराचं आढं म्हणजे डोंगराची धारच की! आढ्यावर पडलेला थेंब ह्या पाख्यावरून जाईल नाहीतर त्या पाख्यावरून. चित्र ९ त्या रात्रीतच झालं: थेंबवाट्या आमच्याच घराच्या आढ्यावर उकिडवा बसलाय, एका पाख्याखाली आई घागर लावून, दुसऱ्याखाली शेजारीण. दोघी वर बघतायत, कोणाला जास्त देतो ते.

मराठी आणि कन्नड मजकूर एकाखाली एक टाकला. भांडण शून्य. शेजारणीनं मात्र विचारलं, तिची घागर लहान का काढली.

२० ऑक्टोबर

१० आणि ११ झाली. मास्तर वर्णनं ऐकतात, प्रश्न पाठवतात, मी दुरुस्त करतो. गेल्या आठवड्यात ते म्हणाले, "सगळं कळलं, पण त्याचं तोंड अजून लागत नाही हाताला."

'दिसत नाही' म्हणाले नाहीत, 'हाताला लागत नाही' म्हणाले. तेव्हा सुचलं की हा राकस मातीत करावा. गावातल्या एका कुंभारकाकांकडं गेलो. काका म्हणाले, "कर की, पण घाई करू नको." मी घाई केली.

२७ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर

पहिला तुकडा: तळहाताएवढ्या पाटीवर उठावाचा राकस. डोकं भरीव, अंगठ्याएवढं जाड. चार दिवस वाळवला, वरून कोरडा वाटला, भट्टीत गेला आणि डोकं फुटलं. जाड मातीच्या पोटात ओल राहते, तापली की वाफ होते, वाट नसली की फोडून निघते. काका म्हणाले, गालाला लावून बघायचं, गार लागला तर आत पाणी आहे.

दुसरा: डोकं मागून कोरून पोकळ केलं. ह्या वेळी वाटीचा हात गळाला, कारण हात नंतर चिकटवला होता आणि सांध्याला दोन्हीकडं ओरखडे काढून ओली माती भरली नव्हती.

तिसरा: सगळं एकाच गोळ्यातून, पोकळ, फडक्याखाली सावलीत बारा दिवस. हा पहिल्या भट्टीनंतर लगेच बनवून ठेवला होता म्हणून दिवाळी आड येऊनही निभावलं. भाजून निघाला तो अख्खा. नाकाला बारीक तडा, पण राकसाला शोभतो.

काकांनी तिन्हीचे मिळून ४५० घेतले. आतापर्यंतचा एकूण खर्च: कागद-शाई ६३५, काच ९००, भट्टी ४५०. १,९८५ रुपये, आणि आजची बस वेगळी. कमाई एक नारळ.

१७ नोव्हेंबर, शहापूर

तुकडा टॉवेलात गुंडाळून बसनं बेळगावला. मास्तरांच्या घरी कुंदा खायला घातला, मग त्यांनी हात धुतले, पुसले, पाटी मांडीवर घेतली.

आधी कडा फिरवली, चारी बाजू. घर कळलं. मग खालून वर. टाचा टेकलेल्या आहेत, हे त्यांनी मान हलवून मंजूर केलं. गुडघे. कमरपट्ट्यातल्या माझ्या सहीवर बोट थांबलं, "हे काय खरखरीत?" सांगितलं. हसले. तोंडावर खूप वेळ. "नाक मी मोठं धरलं होतं. हा बिचारा आहे हो, ह्याला राकस कोण म्हणेल?" वाटीवर नखानं टिचकी मारून कानाशी नेली. भद्द. "बरोबर."

मग बोट पाठीकडं गेलं. उठाव आहे, पाठ तर पाटीलाच चिकटलेली. खांद्याच्या मागं मी काखेतली फट बुजवायला एक गोळा दाबला होता, चित्रात कुठंच नसलेला.

"आणि हे गाठोडं? ह्याच्याबद्दल तुम्ही आजवर बोलला नाहीत. काय आहे त्यात?"

मी म्हटलं, सांगतो. परतीच्या बसमध्ये तिकिटाच्या मागं तीन गाठोडी काढून पाहिली, एकही धड नाही. बाराव्या चित्राचा कागद पेटीतून काढून ठेवलाय.